चांदमिस्त्रींचा गोड मोथा

सगळं नेर मोथा उपटायचं आणि आमचे शेजारी चांदमिस्त्री मोथा पेरायचे.

खरं म्हणजे एवढ्या एका वाक्यात माणसाची ओळख पुरी व्हायला हवी. पण मोथा ज्यांच्या वाट्याला आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुमच्याकडे कदाचित त्याला लव्हाळा म्हणत असतील. दिसायला साधं गवत. धरून ओढलं की हातात येतं आणि शेतकऱ्याला वाटतं, गेला एकदाचा. तो गेलेला नसतो. जमिनीखाली त्याच्या काळ्या गाठी असतात, बोराच्या बीएवढ्या, आणि वरचं पातं तुटलं की खालच्या एका गाठीच्या चार होतात. कपाशीच्या तासांत, म्हणजे ओळींत, तो एकदा शिरला की बाप म्हातारा होतो, पोरगा म्हातारा होतो, मोथा तेवढा तरुण राहतो.

मी तेव्हा ग्रामसेवक होतो, आणि नवा होतो. वऱ्हाड नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आमच्या ऑफिसची पाटी नवी झाली होती, शिक्के जुनेच चालत होते. अशा गडबडीतही वरून एक हुकूम मात्र वेळेवर आला, की आपल्या गटातून मोथा समूळ नष्ट करावा. तो नष्ट करण्यासाठी मला एक सायकल, एक भोंगा आणि छापील कागदांचं भेंडोळं देण्यात आलं. मी गावोगाव जाऊन 'मोथा हा आपला शत्रू आहे' अशी सुरुवात करून अर्धा तास बोलत असे. शेतकरी माना डोलवायचे. शत्रू त्यांच्या तीन पिढ्यांच्या ओळखीचा होता, माझी ओळख व्हायची होती.

असं भाषण देऊन, घसा बसवून मी घरी यावं, तर माझ्या मागच्या दारासमोर चांदमिस्त्री मोथ्याला झारीने पाणी घालत असायचे.

मिस्त्री जिनिंग फॅक्टरीत होते. पन्नाशी उलटलेली, अंगावर लुंगी आणि तेलकट खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात पाना. तोंडात मी नेरला आलो तेव्हा सहा दात होते. बाकीचे कामावर खर्ची पडले होते, कारण हातात दोन वस्तू असल्या की तिसरी ते दातात धरायचे, मग ती खिळा असो की तार. बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. म्हातारी आई होती, तीही आदल्या वर्षी गेली, एवढं घरमालकाने मला सांगितलं होतं. आता घरात ते, एक शेळी आणि भिंतीला टेकवलेले तीन सायकलींचे सांगाडे. घरामागे चार गुंठे जागा. तिच्या पलीकडे आमच्या ऑफिसचा नमुना प्लॉट, जिथे बिनमोथ्याची कपाशी कशी दिसते हे मला लोकांना दाखवायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी सरकारी आवाजात त्यांना म्हणालो, "मिस्त्री, हा मोथा आहे."

"हाय ना जी," ते म्हणाले.

"तो काढायला पाहिजे."

"काढतो ना. दिवाळी होऊन जाऊ द्या, मंग काढतो. आता कवळा हाय."

मी त्यांना शत्रूवाला परिच्छेद ऐकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, झारी खाली ठेवली, घरात गेले आणि मूठभर सुकलेल्या गाठी माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "हा गोड मोथा हाय, भाऊ. खाऊन पाहा, मंग बोला."

'खाऊन पाहा, मंग बोला' हे त्यांचं सगळ्यांना उत्तर होतं. फॅक्टरीतला मॅनेजर यंत्र बंद पडलं म्हणून ओरडायला लागला, तरी हे खिशातून चार गाठी काढून त्याच्यापुढे धरत. मॅनेजर चावत बसे. त्या गाठी चावायला इतका वेळ लागायचा की तोवर यंत्र सुरू झालेलं असायचं.

मी एक तोंडात टाकली. वरून सुरकुतलेली, तपकिरी, खड्यासारखी टणक. आधी दात घसरला. मग ती फुटली आणि ओल्या खोबऱ्याची चव आली, मागून बदामाची, आणि चावत राहिलो तशी साखरेसारखी गोडी उतरायला लागली. आमच्या शेतातल्या मोथ्याची गाठ मी भाषणापुरती एकदा चाखली होती. ती कडू आणि कापरासारखी उग्र, उटण्यात घालायच्या लायकीची. हे प्रकरण निराळंच होतं. दारव्ह्याच्या एका जुन्या हकिमांनी ते ओळखून 'हब्बुल अजीज' असं भारदस्त नाव सांगितलं होतं म्हणे. मिस्त्रींना ते पटलं नव्हतं. मोथ्याला मोथाच म्हणावं, असं त्यांचं मत. बियाणं कुठून आणलंत, असं विचारलं की मात्र ते एवढंच म्हणायचे, "जहाजानं आलं." आणि लगेच गाठी धुवायचा विषय काढायचे.

कारण गाठी धुणं हा त्यांचा जीव की प्राण होता. सुरकुत्यांत माती बसते आणि चार पाण्यांनी जात नाही. मिस्त्रींनी घासलेटच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, त्यात आस घातला, त्याला सायकलची चेन लावली आणि डबा टाक्यात अर्धा बुडवला. पायडल मारलं की डबा फिरे, गाठी एकमेकींवर घासत आणि चिखल भोकांतून बाहेर. रविवारी सकाळी मी त्यांच्या अंगणात बसून, कुठेही न जाता, चांगले दोन मैल सायकल मारत असे. शत्रूला आंघोळ घालणारा ग्रामसेवक माझ्याखेरीज राज्यात दुसरा नसावा.

मग वाळवणं. आपल्याकडे जे वाळवायचं ते उन्हात टाकायचं अशी रीत आहे. मिस्त्रींचा मोथा सावलीत वाळायचा, तोही दीड-दोन महिने. उन्हात घाईघाईने वाळला तर गोडी आत उतरत नाही, असं ते म्हणत. त्यांच्या अंगणात लिंबाचं एकच झाड होतं आणि सावली काही एका जागी बसायची नाही. म्हणून मोथा पसरलेली बाज दिवसातून चारदा ओढावी लागे. मिस्त्री फॅक्टरीत गेले की हे काम आमच्या घरी आलं. माझी बायको सुशीला अमरावतीच्या वकिलाची मुलगी. लग्नात तिला नवऱ्याच्या नोकरीबद्दल सगळं सांगितलं होतं, दुपारी दोन वाजता शेजाऱ्याची बाज पूर्वेला ओढावी लागेल हे कोणी सांगितलं नव्हतं. तरी ती ओढायची. पुढे पुढे तर घड्याळ न बघता बाजेवरून वेळ सांगायची.

त्या मोथ्याचं काय होत नसे? रात्रभर भिजवून पाट्यावर वाटला आणि फडक्यातून पिळला की पांढरंशुभ्र दूध निघायचं. गायीचा संबंध नाही, म्हशीचा नाही. त्यात साखर-वेलची घातली की पाहुण्याला कशाचं आहे ते ओळखू यायचं नाही. ज्यांना दूध पचत नाही अशांना मिस्त्री ते आवर्जून नेऊन देत. ताकद येते, हाडाला बरं, रक्ताला बरं, असं ते एकेक बोट मोडत सांगायचे. उरलेला चोथा गूळ घालून लाडवात जायचा, नाहीतर शेळीला. वाळलेल्या गाठी जात्यावर दळल्या की पिवळसर गोड पीठ. त्याचा शिरा साखर न घालता गोड व्हायचा. ज्वारीत मिसळून भाकरी मात्र थापता येईना, कडा फुटायच्या. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "फुटली त फुटली, खायाचीच हाय ना, का फोटो काढाचा हाय?"

दुधाचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडे तांब्याभर दूध दिलं आणि सुशीलाने, दूध म्हटल्यावर कोणीही करेल तेच केलं. चुलीवर तापायला ठेवलं. ते उतू गेलं नाही. ते घट्ट झालं, मग आणखी घट्ट झालं आणि शेवटी पळी त्यात उभी राहिली. चांगली कपड्याला घालायची खळ झाली होती. सुशीला रडकुंडीला आली. मिस्त्रींनी पातेल्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनीबाई, हे तापवाचं नसते, थंडच प्याचं असते. पण जाऊ द्या, वाया नाई जात." माझ्या छापील कागदांचं भेंडोळं कोपऱ्यात पडलं होतं. त्यांनी ते उचललं, पातेलं उचललं आणि तासाभरात बसस्टँडपासून कापूस बाजारापर्यंत कागद चिकटवून आले. 'मोथा समूळ नष्ट करा' हा सरकारी हुकूम नेरमध्ये दोन पावसाळे भिंतीवर टिकला, तो मोथ्याच्या खळीमुळे.

गल्लीच्या तोंडाशी काशीबाई नावाच्या विधवा म्हातारीचं घर होतं. तिचे महिन्यातून दहा दिवस उपास. मिस्त्रींनी तिला पटवलं की हे धान्य नव्हे, कंद आहे, तेव्हा उपासाला चालतं. तिने जोशीबुवांना विचारलं. जोशीबुवांनी एक लाडू खाऊन विचार केला, दुसरा खाऊन पुन्हा विचार केला आणि कंद चालतो असा निर्णय दिला. मुसलमानाच्या वावरातला चालतो का, असं कोणीतरी मागून विचारलं. त्यावर बुवा म्हणाले की जमीन कोणाच्या नावावर आहे हे शास्त्र विचारत नाही, ते तलाठी विचारतो. तेव्हापासून काशीबाईच्या एकादशीचा शिरा मिस्त्रींकडच्या पिठाचा.

आमच्या साहेबांना मी भाजलेल्या मोथ्याची पूड उकळून कॉफी म्हणून पाजली होती. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी तीन कप घेतले. दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात आले ते अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने. गेली अनेक वर्षं त्यांचं पोट साफ होत नव्हतं, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. मोथ्यात चोथा फार, हे फक्त मला माहीत होतं.

पण मिस्त्रींच्या दोन गोष्टींचा मला उलगडा होत नसे. एक म्हणजे पीक निघालं की ते पिशवी खांद्याला लावून घरोघर जायचे आणि प्रत्येक दारात एक मूठ गाठी द्यायचे. विकत कधी नाही. ओळीने जायचे, एक घर सोडायचे नाहीत. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याही दारात जायचे, मूठ द्यायची आणि न बोलता परत. पहिल्या वर्षी मशिदीमागची गल्ली झाली आणि पिशवी संपली. दुसऱ्या वर्षी जिथे सोडलं तिथून पुढे माळीपुरा आणि अर्धी बाजारपेठ. बाकी सगळ्या गाठी ते बियाण्यासाठी ठेवत, आणि पीठ-दूध जे काही व्हायचं ते खुरप्याने कापलेल्या, किडक्या नाहीतर फुटक्या गाठींचं. तिसऱ्या वर्षी सगळ्या नेरला पुरेल, असं ते मला सांगत, आणि सांगताना पेरलेल्या जागेकडे बघत राहायचे.

दुसरी गोष्ट अशी की मिस्त्री स्वतः मोथा खात नसत. कधीच नाही. दूध गाळायचे, लाडू वळायचे, लोकांना 'खाऊन पाहा' म्हणायचे, आणि हात धुवून टाकायचे. एकदा सुशीलाने विचारलं, "चाचा, तुम्हाला कसा लागतो?" तर म्हणाले, "लोकं म्हनतात गोड हाय." मी त्यांची फार थट्टा केली. म्हणालो, हलवाई मिठाई खात नाही तसं तुमचं. ते उरलेले चार दात दाखवत हसले आणि म्हणाले, "माही पाळी नाई आली अजून."

मग तिसरा पावसाळा आला. चार गुंठ्यांत मोथा असा दाट उठला होता की वाऱ्याने हलला की मलासुद्धा बरं वाटायचं, आणि मी तर त्याचा शत्रू. मिस्त्री सुट्टी झाली की तिथेच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचे. आणि नेमकं त्याच वेळी जिल्ह्याचे मोठे साहेब आमचा नमुना प्लॉट पाहायला येणार असल्याचं पत्र आलं.

मी निंदणाला, म्हणजे तण काढायला, सहा बाया सांगितल्या. त्यांची पुढारी गिरजाबाई. साठीची बाई, पण खुरपं हातात घेतलं की तासाच्या तास पुढे. मला मिटिंगला जायचं होतं. मी घाईत सांगितलं, "गिरजाबाई, मोठे साहेब येणार आहेत. इकडेतिकडे मोथ्याचं एक पातं दिसता कामा नये." एवढं बोलून मी सायकलवर बसलो. मिस्त्री त्या दिवशी यंत्राचा भाग आणायला बडनेऱ्याला गेले होते.

संध्याकाळी आलो तो प्लॉट आरशासारखा. पलीकडे मिस्त्रींची चार गुंठे जागाही आरशासारखी. काळी, उघडी जमीन, आणि धुऱ्यावर उपटलेल्या मोथ्याचे ढीग. गिरजाबाई पदराने तोंड पुसत उभी होती आणि खुशीत होती. तिने सांगितलं की ऑफिसचं काम दुपारीच आटपलं. मग चांदच्या वावरात पाहिलं तर बाई गं, केवढा मोथा माजलेला. बायको नाही, पोरगं नाही, एकटा माणूस, कोण निंदणार? म्हणून सहाही जणींनी तेही काढून टाकलं. मजुरी नको, ती म्हणाली. पुण्याचं काम.

मी तिथेच धुऱ्यावर बसलो. आणि तेवढ्यात मिस्त्री आले.

त्यांनी जमीन पाहिली. ढीग पाहिले. खांद्यावरचा लोखंडी भाग हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. मी तोंड उघडलं, पण ते गिरजाबाईकडे वळले आणि विचारलं, "बाई, दिवसभर उन्हात होत्या. पाणी घेतलं काय तुमी?" घरात जाऊन घागर आणली, सहाही जणींना पाणी दिलं. त्या आशीर्वाद देत गेल्या. मग ते माझ्याशेजारी येऊन बसले.

चूक माझी होती आणि मी ती कबूल केली. नवीन बियाणं मागवून देतो म्हणालो, कुठून आणलंत तेवढं सांगा. तेव्हा ते बोलले. जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"माही अम्मा निंदाले जात जाय, भाऊ. गिरजाबाईसंगच. जनमभर मोथा उपटला तिनं. मी लहान होतो, धुऱ्यावर बसवून ठेवे मले. भूक लागली का मी मोथ्याच्या गाठी उकरून खावो. कडू लागते, पण पोट ऐकते काय? तिनं पाह्यलं, तोंडात बोट घालून काढून टाकली अन् म्हने, कडू नको खाऊ रे चांद, मी तुले गोड आनून देईन. आता गोड मोथा असते काय कुठी? पोराले समजवाले काईही म्हनते माय."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मिस्त्रींनी वर्षानुवर्षं पैसा जोडून अम्माला हजला पाठवलं, मामू आणि मुमानीच्या, म्हणजे मामा-मामीच्या, सोबतीने, मुंबईहून जहाजाने. मक्केच्या बाजारात एका दुकानात या गाठींचं पोतं उघडं होतं. अम्मा तिथेच थांबली. मामू म्हणाले चला, पण ती हलेना. मोथा ती आंधळी असती तरी ओळखती. तिला दात नव्हते. तिने एक गाठ तोंडात टाकली आणि गालात धरून उभी राहिली, दुकानदार बघतोय, मागची माणसं ढकलताहेत, तरी कितीतरी वेळ. मग म्हणाली, हा गोड हाय, माह्या चांदले घ्या. दोन मुठी घेतल्या आणि ओढणीच्या टोकाला बांधल्या. आठ दिवसांनी ती मक्केतच वारली. मामूंनी ओढणीचं ते बांधलेलं टोक तसंच आणून मिस्त्रींच्या हातात दिलं.

"मक्केची माती भेटली म्हून सारं गाव मुबारक द्याले आलं," मिस्त्री म्हणाले. "लय नशीबवान म्हने तुही माय. मीबी हो हो म्हनलं. सारे खुश होते, भाऊ. त्याच्यात रडाव कसं?"

हजहून आलेलं माणूस गावात घरोघर खजूर वाटतं, जमजमचं पाणी वाटतं. तो प्रसाद आधी गावाचा, घरच्यांचा सगळ्यात शेवटी. अम्मा आलीच नाही, मग तिच्या नावाने काय वाटायचं? खजूर बाजारात मिळाले असते. ते अम्माने आणलेले नसते. तिने आणलेल्या फक्त दोन मुठी होत्या, आणि नेरची घरं पुष्कळ.

"म्हून पेरला," ते म्हणाले.

ढिगाकडे पाहत ते थोडे हसले. "गिरजाबाईवर कायचा राग धराव जी? अम्मा असती तं तिनंबी उपटलाच असता."

त्या दिवशी मी जेवलो नाही. सुशीलाला सगळं सांगितलं, ती लिंबाखालची रिकामी बाज पाहत बसली. तीन वर्षं मी या माणसाची थट्टा करत होतो, आणि शेवटी त्याच्या आईचं देणं माझ्याच तोंडच्या हुकुमाने उपटलं गेलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

पंधराव्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी माझी कडी वाजवली. मला हाताला धरून मागे नेलं. काळ्या जमिनीतून हिरवी टोकं वर आली होती. एक नाही, दोन नाही, सगळीकडे. मी तीन वर्षं गावोगाव भोंग्यातून सांगत होतो की वरून उपटल्याने मोथा मरत नाही, खालची गाठ जिवंत असते, एकीच्या चार होतात. माझ्या भाषणावर त्या दिवशी पहिल्यांदा माझा स्वतःचा विश्वास बसला.

मोठे साहेब आले तेव्हा मिस्त्रींची जागा पुन्हा हिरवीगार होती. त्यांनी छडीने दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, साहेब, प्रायोगिक आहे, निर्मूलनापूर्वी निरीक्षण चालू आहे. साहेबांनी मान डोलावली. नोकरीत मी पुष्कळ खोटं लिहिलं असेल, पण इतक्या आनंदाने कधी नाही. मग मी त्यांना कॉफी पाजली.

पीक त्या वर्षी उशिरा निघालं, संक्रांत उलटून गेल्यावर, पण निघालं. फाल्गुनात वाटप सुरू झालं. मिस्त्रींच्या गुडघ्याने दगा दिला होता म्हणून पिशवी मी धरायचो. बाजारपेठेचा उरलेला भाग झाला, बसस्टँड झालं, सरकारी चाळी झाल्या. लोकांना वाटायचं, हा सरकारी कार्यक्रमच आहे, नेहमीप्रमाणे ग्रामसेवकाने मत बदललं. शेवटी नाल्यापलीकडची वस्ती राहिली आणि तिच्या अगदी टोकाला गिरजाबाईची झोपडी.

गिरजाबाईने मूठ हातावर घेतली, निरखून पाहिली आणि म्हणाली, "अवो, हा त मोथा हाय." मिस्त्री म्हणाले, "हो. अम्मानं मक्केहून पाठवला." तिने आधी आमच्याकडे पाहिलं, मग एक गाठ कडाकड चावली. तिचे दात अजून शाबूत होते. चावता चावता तिचे डोळे भरून आले. "फातमाबाईनं?" एवढंच तिने विचारलं. ती आणि अम्मा चाळीस वर्षं कपाशीच्या एकाच तासात निंदत होत्या.

परत निघालो. नाल्याच्या काठाशी मिस्त्री थांबले आणि माझ्याकडे पिशवी मागितली. आत हात घालून, तळ चाचपून त्यांनी राहिलेल्या गाठी काढल्या. पाच-सहा असतील. त्यातली एक उचलून तोंडात टाकली.

ती चावणार कशी? तीन वर्षांत सहाचे दोन दात उरले होते, तेही एकमेकांना न भेटणारे. मी म्हणालो, घरी चला, सुशीला वाटून देईल. त्यांनी मान हलवली. गाठ त्यांनी गालात धरली आणि तसेच उभे राहिले. बाजूने एक बैलगाडी गेली. बाजाराहून परतणारी चार माणसं गेली, त्यांनी रामराम केला, मिस्त्रींनी हात वर केला, पण बोलले नाहीत. कितीतरी वेळ गेला.

"गोड हाय," शेवटी ते म्हणाले.

आणि मग ते तिथेच रस्त्यात, धुऱ्यावर बसवलेल्या पोरासारखे, मोठ्याने रडायला लागले. चार वर्षांचं रडणं होतं ते. मी मुबारक म्हणालो नाही, नशीबवान म्हणालो नाही. रिकामी पिशवी धरून त्यांच्याजवळ उभा राहिलो.